खिशातला हात

भीती वाटत नाही म्हणणारी नर्स एक तर खोटं बोलते, नाहीतर तिने मनोरुग्णांचा हा वॉर्ड पाहिलेलाच नाही. आपली धाकटी सिस्टर नोकरीच्या नवव्याच दिवशी सात नंबरच्या खोलीत उभी होती, आणि चांगलीच घाबरली होती.

समोर कोपऱ्यात मास्तर. शाळेत गणित शिकवायचे. सहा दिवसांपूर्वी दाखल झाले तेव्हापासून आपल्याला कुणीतरी विष टोचणार, हेच त्यांच्या डोक्यात. आज त्यांनी कप फोडला होता आणि धारदार तुकडा मुठीत धरला होता. चार वाजता त्यांची मुलगी भेटायला यायची होती. धाकटीने खिशातलं बटण दाबलं की पाच जण धावत येणार, मास्तरांना आडवं पाडून सुई देणार, आणि लेकीला दारातूनच परत धाडणार. घड्याळात पावणेचार झाले होते.

"मास्तर, मी आहे. सकाळी तुमचा चष्मा पुसून दिला ना, तीच."

"जवळ येऊ नका!"

"नाही येत." तिला काम शिकवणाऱ्या थोरल्या सिस्टरचे धडे ती आठवत होती. दार अडवायचं नाही, म्हणून बाजूला सरकली. आवाज चढवायचा नाही, म्हणून हळू बोलली. तरी मास्तर भिंतीत शिरायला बघत होते. अगं बाई, आता काय चुकलं?

"खिशात काय लपवलंय?" मास्तर ओरडले. "सुई आहे!"

तिने खाली पाहिलं. उजवा हात कधीपासून खिशात, बटणावर घट्ट! हात दिसू देत, हा तर पहिलाच धडा, आणि भीतीपायी नेमका तोच ती विसरली होती. पण बटण सोडायचं? मागच्याच महिन्यात एका सिस्टरचं मनगट मोडलं होतं. देवा रे!

तिने सोडलं. दोन्ही तळवे पुढे केले. उजवा लटलट कापत होता, काही केल्या थांबेना.

मास्तर बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी तुकडा पलंगावर ठेवला.

"तुम्हालाही कुणी टोचणार आहे का हो?"

"नाही मास्तर. मला तुमचीच भीती वाटतेय."

"माझी?" मास्तर मटकन खाली बसले. त्यांच्या तळहातातून रक्त येत होतं. "मग माझ्या मुलीला सांगा, आज लांबूनच भेट म्हणावं."

धाकटीने आधी तो तुकडा उचलला. भीती काही गेली नव्हती, तरी ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"लांबून कशाला? द्या हात इकडे, पट्टी बांधू. चारला पाच कमी आहेत."