पान उलटायचा श्वास

सभागृहाच्या दारावर नव्या हंगामाचं पोस्टर लागलं, तेव्हा मावशीने आधी त्याचे कोपरे पाहिले. उजवीकडचा वरचा कोपरा सुटला होता. जन्म कोपरे धरण्यात गेल्यावर नजर दुसरीकडे जाणार कुठे? तिने अंगठ्याने तो दाबून बसवला आणि मगच मजकूर वाचला. पियानोवादनाच्या मैफली, हिवाळाभर, बाहेरून येणारे बडे बडे वादक. आणि सगळ्यांच्या वर, हंगामाच्या पहिल्या मैफलीपुढे, छोटीचं नाव. गेल्या हंगामापर्यंत त्या ओळीत ताईचं नाव असायचं.

ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण आणि छोटीची आई. ताई पियानो वाजवायची आणि मावशी तिच्यासाठी पानं उलटायची. ऐकायला काम अगदीच पोरकट. वाजवणाऱ्याच्या डाव्या बाजूला एका साध्या खुर्चीवर बसायचं. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून पान संपत आलं की उठायचं, कोपरा चिमटीत धरायचा, नेमक्या क्षणी पान उलटायचं आणि गुपचूप परत बसायचं. बरोबर जमलं तर कुणाला दिसत नाही, चुकलं तर अख्ख्या सभागृहाला कळतं. सुनेच्या स्वयंपाकासारखं. सभागृहाचा मॅनेजर तिला तोंडावर पानवाल्या बाई म्हणायचा, आणि तिला त्याचा राग यायचा नाही. एकच शिस्त ताईने घालून दिली होती. शेवटचं पान झालं तरी पुस्तक मावशीने मिटायचं नाही. मिटायचं ते वाजवणाऱ्याने, टाळ्या संपल्यावर.

इतर वादक मान हलवून इशारा करतात. ताईला तो दिखाऊपणा वाटायचा. पान संपायच्या जरासं आधी ती नाकाने एक लांब श्वास आत घ्यायची, सुईत दोरा ओवताना घेतात तसा. दोघींत तेवढीच खूण होती. त्या श्वासावर मावशीचा हात आपोआप उठायचा.

मग एका साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली. छोटी मावशीकडे राहायला आली. माय मरो पण मावशी उरो, अशी म्हण आहे. म्हण करणाऱ्याचं काय जातंय? उरलेल्या मावशीला कुणी विचारलंय का?

छोटी वाजवायची छान, पण तिला एक खोड होती. समोर पान नसलं की तिचे हात थिजायचे. सूर न् सूर पाठ असला तरी थिजायचे. शिकत असताना एका कार्यक्रमात वाऱ्याने तिची पानं उडाली आणि ही पोर पट्ट्यांवर हात ठेवून तशीच बसून राहिली, शेवटी कुणीतरी पडदा पाडला. ती गोष्ट गावभर झाली होती. आता मॅनेजरने तिला पहिली मैफल दिली ती अर्धी तिच्या गुणांवर आणि अर्धी तिच्या आईच्या पुण्याईवर. पुन्हा हात थांबला तर पुण्याई तिथेच संपणार होती आणि छोटीला पुढे कुणी दारात उभं करणार नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणीच बोलत नव्हतं.

वाजवायचा होता तोच लांबलचक सोनाटा, पियानोची अनेक भागांची रचना, जी ताई हंगाम उघडताना वाजवायची. पण पुस्तक मात्र नवं.

"आईचं पुस्तक नको, मावशी," छोटी म्हणाली होती. "त्यात पानापानावर तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या दिसल्या की माझे हात तिचे होतात. इथे हळू, तिथे हळू. मला माझं वाजवायचंय."

"बरं बाई," मावशी म्हणाली. मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं.

पहिल्या तालमीला सभागृहात दोघीच होत्या. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी होत्या. नुकताच सूर जुळवून घेतलेला पियानो अंगावर नवे कपडे असल्यासारखा ताठ वाजत होता. छोटी भराभर वाजवत होती, ताईपेक्षा कितीतरी जलद, आणि त्या जलदपणात एक तरुण खट्याळपणा होता. मावशीला तो आवडला. तेवढ्यात तिच्या उजव्या कानाशी कुणीतरी नाकाने लांब श्वास आत घेतला. मावशी उठली आणि तिने पान उलटलं.

पियानो थांबला.

"मावशी! अर्धं पान बाकी होतं!"

"अगं, तूच ना..." मावशी म्हणाली. छोटीने श्वास घेतला नव्हता. ती मान हलवणाऱ्यांतली होती.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तोच श्वास, पुन्हा हात उठला, पुन्हा पान छोटीच्या डोळ्यांसमोरून गेलं. छोटीचे हात हवेत तसेच राहिले, बोटं वाकडी, आणि चेहरा पांढराफटक. मावशीला ती पडदा पाडलेली पोर आठवली.

"सवय गं माझ्या मेलीच्या हाताची," ती म्हणाली. आणि ते पटण्यासारखं होतं. हात उठला ती जागा तिने ओळखली होती. जुन्या पुस्तकात पान त्याच्या आसपासच संपायचं. नव्या छपाईत पानं वेगळ्या जागी तुटत होती, तेव्हा हात चुकणारच. हात गाढवासारखा असतो, जुन्या घराकडेच वळतो.

दुसऱ्या दिवशी मावशीने शहाणपणा केला. पहिल्या भागाच्या झेरॉक्स तिने पियानोवर आडव्या ओळीत लावल्या, सगळा सोनाटा तसा मावला नसता, आणि तो भाग हात मांडीखाली दाबून ऐकला. श्वास येतोय की काय, एवढंच तिला पाहायचं होतं. छोटी त्या जागेवर आली. श्वास आला नाही. छोटी पुढे गेली. मावशीने सुस्कारा सोडला. आणि मग, छोटी चार ओळी पुढे निघून गेल्यावर, तो आला. शांत, लांब, अगदी कानाशी. पुढच्या जागेला आणखी उशिरा आला. भाग संपेपर्यंत तो पानभर मागे पडला होता.

सवय असती तर छोटीच्या वाजवण्याबरोबर आली असती. हे तर कुणीतरी आपल्या चालीने, आपल्या जुन्या पुस्तकातून, सावकाश वाजवत होतं. आणि पान उलटायची वाट बघत होतं.

तिला भीती वाटली. भीतीच्या पोटात आनंद होता, आणि तो भीतीपेक्षा वाईट होता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी विसळताना तिने छोटीला सगळं सांगून टाकलं. पोटात ठेवून ठेवणार किती? छोटी पुसायचं फडकं हातात घेऊन ऐकत राहिली. ती हसेल, नाहीतर घाबरेल, असं मावशीला वाटलं होतं.

"रोज येते?" छोटीने विचारलं.

"तू वाजवायला लागलीस की येते."

"मग मला का नाही ऐकू येत?" छोटीचा आवाज एकदम चढला. "मी मुलगी आहे तिची! मी किती दिवस रात्री उठून बसलेय, एकदा तरी काहीतरी ऐकू येईल म्हणून. आणि ती येते ती तुझ्याकडे? पान उलटून घ्यायला?"

मावशीने नळ बंद केला.

"तूच तर म्हणालीस, तुला तिच्या खुणा नकोत," ती शेवटी म्हणाली.

"खुणा नकोत म्हणाले," छोटी म्हणाली. "ती नको असं कधी म्हणाले?" आणि फडकं ओट्यावर टाकून ती निघून गेली.

त्यानंतरच्या तालमींत मावशीने जिवाचं रान केलं. ती छोटीच्या मानेवर डोळे लावून बसायची, तिने कानात कापूस घालून बघितला, ओठ चावले. तरी श्वास आला की हात उठायचाच. एकदा तिने स्वतःचंच मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवलं, तेव्हा श्वास पुन्हा आला, मग पुन्हा, घाईघाईने, जणू ताई पानाच्या टोकाशी अडकून पडली होती आणि धाकट्या बहिणीचा हात का येत नाही हे तिला कळत नव्हतं. मावशीला रडू फुटलं. छोटीने तिच्याकडे पाहिलं आणि तिचेही हात थांबले.

मैफल तोंडावर आली होती. मावशी उठून मॅनेजरकडे गेली.

या मॅनेजरने मागे एकदा कौतुकाने एक टॅबलेट आणून दाखवला होता. त्यावर सगळी पानं दिसतात आणि खालचं पेडल पायाने दाबलं की पान आपोआप उलटतं. तेव्हा मावशीने त्याला उभा सोलला होता. "पायाने पान उलटायचं? उद्या नाकाने टाळ्या वाजवाल!" असं म्हणाली होती.

"ते तुमचं यंत्र काढा," आता ती म्हणाली. "छोटीसाठी."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"मीच. आता मीच सांगतेय. काढा."

मॅनेजर बिचारा चेष्टा करणार होता, पण तिचा चेहरा बघून मुकाट्याने कपाट उघडायला गेला.

छोटीने आधी ऐकलंच नाही. "तू शेजारी नसशील तर मी बसणारच नाही," ती म्हणाली.

"मी शेजारी असले तर ती पण असणार. आणि तिला मी टाळू शकत नाही गं, जन्मात कधी टाळलं नाही. मी आत बसते, कलाकारांच्या खोलीत. तिचं जुनं पुस्तक लावते. ती माझ्यामागे येईल. तू तुझं वाजव."

"आणि यंत्राने दगा दिला तर?"

"नाही देणार. त्याला बहीण नाही."

मैफलीच्या संध्याकाळी सभागृह भरलं. कलाकारांच्या खोलीत भिंतीला टेकून एक जुना उभा पियानो होता, बोटं गरम करण्यापुरता. मावशीने त्याचं झाकण उघडलं. वर ताईचं पुस्तक लावलं, कोपरे तिच्याच बोटांनी काळवंडलेले. स्टूल ताईला लागायचं तेवढं खाली केलं. मग डाव्या बाजूला आपली खुर्ची ओढून बसली. भिंतीवर एक स्पीकर होता, त्यातून रंगमंचावरचं सगळं आत ऐकू यायचं. ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं तिची पहिली मैफल ती भिंतीकडे बघत ऐकणार होती. तिला त्याचं फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं तिने तसंच राहू दिलं.

स्पीकरमधून टाळ्या आल्या, मग शांतता, मग छोटीचे पहिले सूर. मावशी रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली. येणार की नाही? नाही आली तर ती बाहेर, त्या पोरीच्या शेजारी असेल.

आणि श्वास आला. इथे, या खोलीत. मावशीने उठून पान उलटलं.

पुढे सगळं सुरळीत चाललं. छोटी स्पीकरमधून धावत होती, ताई आपल्या पुस्तकातून चालत होती, आणि मावशी पानं उलटत होती. हळूहळू दोघींमधलं अंतर वाढत गेलं. छोटी शेवटच्या भागात शिरली तेव्हा ताई तिसराच भाग वाजवत होती. मावशीचा जीव दोन्हीकडे होता. छोटी कुठेही थांबली नाही. जिथे ताई नेहमी रेंगाळायची तिथे पोर हसत उडी मारून गेली, आणि सभागृहात कुणाचा तरी "वा" निघाला. मग टाळ्या कोसळल्या. मावशीने पदराने डोळे पुसले.

तिच्यासमोर मात्र अजून बरीच पानं होती. टाळ्या ओसरल्या, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी स्पीकर बंद केला. खोलीत काही वाजत नव्हतं. फक्त थोड्या थोड्या वेळाने तो श्वास, आणि कागदाची सळसळ.

दार धाडकन उघडलं. "मावशी! एकदाही नाही थांबले! एकदाही..." छोटीचा शब्द अर्ध्यावर राहिला.

"शू," मावशीने हात वर केला. "तिचं व्हायचंय अजून."

छोटीने हातातली फुलं आवाज न करता खाली ठेवली आणि ती मावशीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. आता एकच पान उलटायचं राहिलं होतं. मावशी उठून, कोपरा चिमटीत धरून थांबली. थांबली, आणि थांबतच राहिली. श्वास येईना. बाहेर लोकांच्या गप्पा लांब गेल्या. गेली, तिला वाटलं. मीच तिला इथे आणून कोंडली, आणि एक पान बाकी असताना ती गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"उलट ना, मावशी," मागून छोटी हळूच म्हणाली. "घेतला तिने श्वास."

मावशीला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने वळून पाहिलं. छोटी तिच्याकडे बघत नव्हती, स्टुलाकडे बघत होती, आणि तिच्या हातावरचे केस उभे राहिले होते.

मावशीने पान उलटलं. ती खाली बसली, हात मांडीवर ठेवले. तिच्यासाठी खोली मुकी होती. छोटी मात्र मान जराशी कलती करून उभी होती, आणि मधूनच तिची बोटं हवेत हलायची. बऱ्याच वेळाने तिचा खांदा सैल पडला.

"संपलं," ती म्हणाली आणि तिने पुस्तक मिटायला हात पुढे केला.

मावशीने तिचं मनगट धरलं. "थांब. आधी टाळ्या."

त्या लहानशा खोलीत दोघींनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर दारात डोकावला आणि काही न विचारता परत गेला. दोघींचे तळवे लाल झाले तेव्हा टाळ्या थांबल्या, आणि मग छोटीने पुस्तक मिटलं.

"कसं वाजवलं गं तिने?" मावशीने विचारलं.

"हळू," छोटी म्हणाली, आणि मावशीच्या कुशीत डोकं खुपसून रडायला लागली.