रामाजीभाऊंचा स्विच

पाच वाजता अर्जाची मुदत संपणार होती आणि चार वाजता नेट दुरुस्त करणारा तौसीफ रामाजीभाऊंच्या दिवाणाखाली पालथा पडला होता. ऊर्जानगरच्या या वीज प्लांटच्या क्वार्टरांत नेटचं कनेक्शन एकच, रामाजींच्या नावावर. त्यांच्या राऊटरला स्विच, म्हणजे नेट अनेक वायरींत वाटणारी डबी, जोडून वरच्या मजल्यावर नूतनच्या घरी वायर नेलेली. सकाळपासून दोन्ही घरांत नेट बंद होतं, आणि नूतनला इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची पसंती आजच भरायची होती.

दिवाणाखाली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या होत्या, थुंकीचा डबा होता आणि डब्याला टेकून स्विच, जुन्या बनियनीत गुंडाळलेला. बनियन सोडली तशी झुरळं सुटली. एक तौसीफच्या बाहीत शिरलं. श्वास रोखून त्याने पाहिलं. स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे फडफडत होते. एका आखूड वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली होती.

"हे कोणं लावलं?"

"मीच. सकाळी पुसता पुसता. भोकं मोकळी होती, प्लांटची राख जाते त्याच्यात." रामाजींनी डबा ओढून त्यात थुंकलं. "बिघाड वरच्या पोरीकडं असन. माह्यं तं सगळं झाकून हाय."

तौसीफने बाही झटकून झुरळ काढलं. "भाऊ, एका टोकातून गेलेलं दुसऱ्या टोकातून परत येऊन राह्यलं. सकाळपासून तेच गोल फिरते. बाकीच्यांले रस्ता कुठी?"

त्याने वायर उपटली, राऊटर बंद करून चालू केला आणि वर गेला. हात धुतले तर बेसिनमध्ये काळं पाणी. नूतनचं पान उघडलं. तिने चार कॉलेजं भरली. पाचव्याला पान अडकलं ते अडकलंच. घड्याळात साडेचार.

"नेट पुन्हा गेलं का, दादा?" तिने विचारलं.

तौसीफ खाली आला. वायर पुन्हा दोन्ही भोकांत, वरून बनियन.

"तुम्ही तं उघडंच टाकून गेले," रामाजी म्हणाले. "राख गेली असती मंग?"

पिशवीतून कटर काढून तौसीफने वायर मधोमध कापली. दोन्ही टोकं जिथल्या तिथे खोचलेली राहू दिली. दिवे शांत झाले.

"आता राख नाई जात," तो म्हणाला.

पाचला आठ मिनिटं असताना जिन्यावरून नूतनने सांगितलं, अर्ज गेला. तळहातावर खर्रा घोटत रामाजींनी तौसीफला चहाचं विचारलं.

"नको," तौसीफ म्हणाला, आणि हात धुवायला पुन्हा वर गेला.