बिनशेंगदाण्याचं घर

लातुरात शेंगदाणे नसलेलं स्वयंपाकघर शोधायला निघालात तर चपला झिजतील. भाजीत कूट, चटणीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि काहीच नसलं तर मूठभर भाजलेले दाणे अन् गुळाचा खडा. पण प्रेमलाबाईंच्या घरी शेंगदाण्याचा डबाच नव्हता. त्यांच्याकडे वांग्यात तीळ पडायचे, चटणी कारळाची नाहीतर जवसाची व्हायची आणि एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर शिजायची. कुणी खोदून विचारलंच तर "मला पित्त होतंय" म्हणून त्या विषय मिटवायच्या.

बाईंची दुसरी खोड याहून चमत्कारिक होती. त्या कुणालाही काही आणायला सांगत नसत. त्यांचे यजमान व्यंकटराव, हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर, रोज संध्याकाळी गोलाईच्या बाजारापर्यंत पाय मोकळे करून यायचे. पण "येताना कोथिंबीर आणा" हे साधं वाक्य त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत बायकोच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मीठ संपलं तरी बाई स्वतः पिशवी काखोटीला मारून निघायच्या. शेजारणी म्हणायच्या, मास्तरांनी नशीब काढलं, बायको कशाला म्हणून पिटाळत नाही. आता याला नशीब म्हणायचं का, हे मास्तरांना विचारायला हवं होतं. पण शेजाऱ्यांना एवढी सवड कुठली!

त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत सून मालविकाला पाचवा महिना लागला होता. मालविका नांदेडची. ती आणि प्रेमलाबाईंचा मुलगा आलोक, दोघंही क्लासमध्ये शिकवत. ती जीवशास्त्र, तो भौतिकशास्त्र. लातुरात आता निम्मं गाव डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना शिकवतं आणि उरलेलं निम्मं त्यांना खोल्या भाड्यानं देतं. प्रेमलाबाईंच्या घरात दोन्ही चालायचं. वरच्या मजल्यावर किनवट, उमरी, बिलोलीकडच्या पोरी राहायच्या आणि जिन्यावरून चढता-उतरता पाठांतर करायच्या.

मालविकाला दूध चालेना. दही चालेना. तुपाची धार वरणावर पडली की ती पदर नाकाला लावून मोरीकडे धावायची. फोडणीचा वास तर घरातून हद्दपारच झाला होता. सुनेचे गाल बसले आणि प्रेमलाबाईंचा जीव टांगणीला लागला. दिवस गेलेल्या बाईला जे खावंसं वाटेल ते द्यायचं, तिचे डोहाळे अपुरे ठेवायचे नाहीत, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या रोज तिच्यापाशी बसायच्या आणि विचारायच्या, "सांग ना माय, कशाची वासना हाय तुला?"

एके दुपारी मालविका एकदाची बोलली. "आई, हसू नका हं. हैदराबादला शिकायला होते तेव्हा आम्ही मैत्रिणी एका ठिकाणी जायचो. तिथं थाई सॅलड मिळायचं. कच्च्या पपईचा कीस..."

"कच्ची पपई? अन् पोटुशी बाईनं? देवा!"

"पपई नको हो! पत्ताकोबीचंसुद्धा करतात. कोबी, गाजर, काकडी, सगळं लांब-लांब चिरायचं. काही शिजवायचं नाही, दूध-दही काही नाही, सगळं कसं कुरकुरीत." बोलता बोलता पोरीच्या डोळ्यांत चमक आली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. "आणि त्यावर शेंगदाण्याची दाट चटणी. चिंच, गूळ, लिंबू घातलेली, आंबट-गोड-तिखट. कालपासून मला नुसतं तेच दिसतंय."

प्रेमलाबाईंचा चेहरा उतरला. "शेंगदाणे न्हाईत घरात."

"मग आलोकला सांगते ना, क्लासवरून येताना घेऊन..."

"न्हाई!"

आवाज एवढा चढला की जिन्यावरचं पाठांतर थांबलं. "कुणाला काही आणायला सांगायचं न्हाई या घरात. कळलं?" असं म्हणून बाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसल्या. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

थोड्या वेळानं बाहेरून व्यंकटरावांचा आवाज ऐकू आला. ते सुनेशी हळू बोलत होते. पण मास्तरांचं हळू म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत जाणारं.

"तुझ्यावर न्हाई रागावली ती, पोरी. भूकंपाच्या साली आलोक पोटात होता तिच्या. पाचवाच महिना. माझ्या सासूबाई, म्हणजे हिची आई, हिला बघायला आल्या होत्या इथं. हिला डोहाळे लागले ओल्या शेंगांचे. गाड्यावरच्या चालायच्या न्हाईत, आपल्या रानातल्याच पाहिजेत म्हणाली. सासूबाई हसल्या अन् निघाल्या एसटीनं..."

पुढचं प्रेमलाबाईंना ऐकायची गरज नव्हती. त्यांची आई लक्ष्मीबाई दारातून निघताना "येते गं" म्हणाली होती. परवा सकाळी शेंगा घेऊन येते, म्हणाली होती. किल्लारीच्या अलीकडचं त्यांचं गाव. अनंत चतुर्दशीला गावानं गणपती बुडवले, दमून भागून माणसं झोपली, आणि पहाटे जमीन हलली. लातुरात प्रेमलाबाईंच्या मांडणीवरची भांडी नुसती खडखडली होती. तिकडे दगडमातीची घरं माणसांवर बसली. आई त्यातच गेली. पुढच्या आठवड्यात गावातला दगडोबा लातुरात आला, तो खांद्यावर एक पिशवी घेऊन. अंगणातली एक भिंत उभी राहिली होती, तिच्या खुंटीला ती तशीच लटकत होती म्हणे. आईनं शेंगा तोडून, धुऊन, पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून ठेवलं होतं. प्रेमलाबाईंनी ती सुतळी सोडली नाही. पिशवीतल्या शेंगांना मोड आले तेव्हा व्यंकटरावांनीच ती कुठंतरी नेली.

आई तशीही घरच्या गणपतीसाठी गावी जाणारच होती, हे सगळ्यांनी समजावून सांगितलं. प्रेमलाबाईंना ते पटतही होतं. पण पटणं वेगळं आणि पोटात उतरणं वेगळं. आपण मागितलं आणि आई गेली, एवढंच त्यांच्या पोटात उतरलं होतं, आणि त्यानंतर त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालविका आपण होऊन स्वयंपाकघरात आली. "आई, मला ते आता नकोच वाटतंय. आठवण झाली तरी मळमळतंय. तुमची भगरच द्या, ती छान लागते."

असं म्हणून तिनं भगरीचा घास घेतला आणि तो गिळायला तिला दोनदा पाणी प्यावं लागलं.

प्रेमलाबाई बघत राहिल्या. ही खोटं बोलायची रीत त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. मला काही नको, मला चालतं, माझं काही अडत नाही. इतकी वर्षं हेच बोलून त्यांनी दिवस काढले होते. आणि आता त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच घरात, दुसऱ्याच्या घरून आलेली लेक हे शिकत होती. पोटात लेकरू आणि तोंडात 'नको'. आईनं हे बघितलं असतं तर मला उभी फाडून खाल्ली असती, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला पायात सरकवल्या.

गोलाईत त्यांनी कोवळा पत्ताकोबी दाबून बघून घेतला, गाजरं घेतली, काकड्या घेतल्या, कोथिंबिरीची जुडी घेतली. ओल्या शेंगांच्या हातगाड्यांवरून मात्र मान वळवून पुढं गेल्या. तेवढं अजून जमत नव्हतं. मग नेहमीच्या किराणा दुकानात जाऊन म्हणाल्या, "शेंगदाणे दे. चांगले बघून दे." दुकानदार नरसिंग त्यांना लग्न होऊन आल्यापासून ओळखत होता. त्यानं माप हातात धरून एकवार त्यांच्याकडे पाहिलं, आणि शहाणा माणूस, दाणे निवडून मोजायला लागला.

घरी येऊन त्यांनी कढई ठेवली. मंद आचेवर दाणे परतले. साल तडकायला लागली आणि तो वास घरभर झाला, तशा बाईंनी भिंतीला हात टेकला. माहेरचं घर त्या वासाचं होतं. पण कढईतलं करपू द्यायचं नाही एवढं शहाणपण हातांना होतं. ते परतत राहिले. दाणे निवले तसे सुपात चोळले, अंगणात पाखडले, लालसर सालींचा भुगा वाऱ्यावर उडाला. मग ते चिंचेचा कोळ, गूळ, लसूण, आल्याचा तुकडा आणि लाल तिखट घालून मिक्सरमधून फिरवले, वर लिंबू पिळलं, पाणी घालून सरसरीत केलं. मालविकाच्या मोबाईलवरच्या व्हिडिओत एक बाई त्यात काळ्या बाटलीतलं सोया सॉस ओतत होती. ते घरात नव्हतं आणि प्रेमलाबाईंना त्याचं अगत्यही नव्हतं. चिरलेला कोबी, गाजर, काकडी त्यांनी माठातल्या गार पाण्यात टाकून ठेवली, म्हणजे ताठ राहील. मीठ मुद्दाम शेवटी घालायचं ठरवलं. कोशिंबिरीला आधी मीठ लावलं की पाणी सुटतं आणि सगळं मलूल पडतं, हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? एरवी त्या बोटावर घेऊन चव बघायच्या. आज बोट चटणीपर्यंत गेलं आणि परत आलं. तिखट आपलं अंदाजानंच बरोबर असेल, म्हणून त्यांनी ताट वाढलं.

मालविकानं ताटाकडे पाहिलं आणि मग सासूकडे. "आई, तुम्ही..."

"बोलू नको. खा."

ती खायला लागली. कुरकुर असा आवाज येत होता आणि प्रेमलाबाईंना तो अंगाईसारखा गोड वाटत होता. पोरीनं पाणी न पिता घास गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. खुर्चीत बसलेल्या व्यंकटरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

"कसं झालंय गं?"

"मस्त झालंय," मालविका ताटात बघत म्हणाली. मग तिनं एक घास उचलून पुढं केला. "आई, एक तुम्ही घ्या. माझ्या हातून."

वर्तमानपत्र खाली आलं. प्रेमलाबाई त्या घासाकडे बघत राहिल्या. डोहाळकरणीच्या हातचा घास नाकारायचा तरी कसा? त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

कोबी दाताखाली कुरकुरला, चिंच जिभेला लागली, आणि मागून शेंगदाणा आला. तो जुना, ओळखीचा, माहेरचा. बाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. मग चावता चावता त्या थांबल्या. कपाळाला आठी पडली. डोळे उघडले.

"अगं माय! यात मीठ कुठाय?"

मालविकानं ओठ चावला.

"घालायचंच राहिलं की! तुला कळलं न्हाई?"

"कळलं."

"मग अर्धं ताट अळणी खाल्लंस? गुमान?"

"तुम्ही इतक्या वर्षांनी दाणे भाजलेत, आई," मालविका म्हणाली. "आणि मी वर मीठ मागू?"

प्रेमलाबाईंना हसू फुटलं आणि रडूही. दोन्ही एकदमच आलं, कुणी कुणाला वाट देईना. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, सुनेची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "माग. आत्ताच्या आत्ता माग माझ्याकडे. तू मागितलं न्हाईस तर तुझ्या लेकराला कोण शिकवणार मागायला? मी तर न्हाईच. मला कुठं येतंय?"

"आई, मीठ द्या."

"मोठ्यानं."

"आई, मला मीठ द्या!"

वरच्या मजल्यावरची एक पोरगी जिन्यातून डोकावली, काय झालं म्हणून. प्रेमलाबाईंनी मिठाची बरणी आणली आणि चिमटीनं ताटावर मीठ पेरलं. मालविकानं कालवून घास घेतला आणि यावेळी तिला 'मस्त' म्हणायची गरजच पडली नाही. ती नुसती खात सुटली. त्या ताटातले आणखी दोन घास प्रेमलाबाईंच्या पोटात गेले.

हात धुऊन त्या बराच वेळ मोरीपाशी उभ्या राहिल्या. मग बाहेर न बघताच म्हणाल्या, "अहो."

"काय गं?"

"संध्याकाळी गोलाईला जाल तवा..." पुढचे शब्द येईनात. त्यांनी ओले हात पदराला पुसले. "येताना ओल्या शेंगा आणा. मला खायच्यात."

व्यंकटराव संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. भर दुपारी टोपी घातली, कुणी हाक मारून थांबवील या भीतीनं चपला उलट्यासुलट्या पायात सरकवल्या, आणि फाटकातून मागे वळून म्हणाले, "येतो गं."

त्या शब्दासरशी प्रेमलाबाईंना दारातून निघालेली आई दिसली. नको, काही नको, परत या, असं अगदी ओठांवर आलं. त्यांनी फाटकाची सळई घट्ट धरली. मालविका येऊन शेजारी उभी राहिली आणि तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. क्लासला निघालेल्या पोरापोरींच्या सायकली रस्त्यानं जात होत्या. त्यांच्या गर्दीत मास्तरांची टोपी दिसेनाशी झाली. मालविका "आत चला" म्हणाली नाही, बाईही हलल्या नाहीत. सूर्य माथ्यावरून जरा कलला, फाटकावर लिंबाची सावली आली, तरी दोघी तिथंच.

मग कोपऱ्यावर टोपी दिसली. मास्तर घामेजले होते. दोन्ही हातांत दोन पिशव्या होत्या आणि एकीच्या तळातून माती गळत होती. अख्ख्या गल्लीला पुरतील एवढ्या शेंगा या माणसानं आणल्या होत्या.

"आलो गं," ते म्हणाले.

"आलात," प्रेमलाबाई म्हणाल्या. पिशवीत हात घालून त्यांनी एक शेंग काढली, तिथंच फाटकात उभ्या उभ्या फोडली, आणि हाताला लागलेल्या मातीसकट दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिल्या.

मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "चला आत. उकडते. मीठ मालविका घालंल."