भरवशाचा माणूस

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात अख्ख्या गावाचा एकाच माणसावर भरवसा उरला होता, आणि त्या माणसाला गावानं विहिरीच्या तळाशी घालून ठेवला होता. इलाही पिंजारी त्याचं नाव. वडूजपासनं सात मैलांवरचं गाव, दुष्काळाचं दुसरं वर्ष, आणि पाणी म्हणाल तर तळाच्या कपारीतून करंगळीएवढी धार. ती खळग्यात साचायची, मग वाटीवाटीनं घागरीत भरायची. दुसरा इलाज नव्हता.

आधी हे काम वरल्या आळीनं केलं. खालल्या आळीच्या बाया ओरडल्या, आमच्या घागरी उण्या येतात. मग खालल्यांनी केलं, तर वरले काठ्या घेऊन आले. खालल्या आळीतल्या कृष्णातचं डोकं फुटलं तेव्हा कुठं पंचांना अक्कल सुचली. पिंजाऱ्याचं एकच घर, ना या आळीचं ना त्या; गाद्या भरताना त्यानं कुणाचा मूठभर कापूस कधी मारला नव्हता. त्याला सोडा म्हणाले खाली. विहिरीच्या पायऱ्या अर्ध्यावरच संपलेल्या, खालचं यंदा नव्यानं खणलेलं, त्यामुळं दोराला फळी बांधून माणूस सोडायचा. दोर धरायला दोन गडी वरले, दोन खालले. घरटी एक घागर, ओळीत लावलेली, गळ्याबरोबर भरलेली. शेवटची इलाहीची, आणि ती भरायची वेळ येईतो खळगा कोरडा पडलेला असायचा. त्याच्या घरचे मग ओढ्यातलं गढूळ पाणी फडक्यानं गाळून प्यायचे. पण महिनाभर गावात हूं की चूं नाही. बाया विहिरीवर पुन्हा एकमेकींशी बोलायला लागल्या होत्या, हसायलासुद्धा.

त्या दुपारी वरून त्याच्या आईचा, मदिनाबीचा आवाज आला.

"इलाही! आबेदाचं ढाळ थांबंना रं! डोळं पांढरं करतीया पोर!"

आबेदा त्याची सहा वर्षांची लेक. तिची आई गेल्या साली गेली. घरात ती आणि ही म्हातारी, जिला चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. पोरीचं पोट सकाळीच बिघडलंय हे त्याला ठाऊक होतं. तरी तो खाली उतरला, कारण वर साठ घागरी तापत पडल्या होत्या.

"खडीचा टरक आता वडूजला निगंल," म्हातारी ओरडली. "डायवर नेतो म्हणतोय. पर मला उचलंना ती!"

दुष्काळी कामावरचा तो ट्रक दिवसातून एकदाच जायचा. इलाहीनं वाटी फेकली. "नाथाजीकाका, वर घ्या मला!"

नाथाजी वरल्या आळीचा म्होरक्या, दोरावर पहिला हात त्याचा. तो वाकून म्हणाला, "घेतो की. एवढ्या इस घागरी हुंदे."

"काका, पोर मरंल माझी!"

"आरं, वंगाळ बोलू नगं. कुणाबरुबर तरी धाडतो की तिला."

"मग धाडा! तुमीच जावा घिऊन!"

जाणार कोण? वरल्यांचा गडी गेला तर दोरावर खालले दोन आणि वरला एक. खालल्यांचा गेला तर उलटं. आणि आपली घागर ओळीत टाकून कोणती बाई हलणार होती? राहीबाईला दया आली, नाही असं नाही. "म्या गेली असती गं बया, पर माझा नंबर..." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

"म्या उतरतो त्याच्या जागी," कृष्णात म्हणाला.

"तू? आन् वरली आळी काय बोटं चोखत बसंल?" नाथाजी उसळला.

झालं! पुन्हा तेच सुरू. खाली इलाहीला शब्दन् शब्द ऐकू येत होता. शिवी कुणी देत नव्हतं. आमचा इलाही, देवमाणूस, त्याच्याशिवाय हाय कोण, असं गोड गोड चाललेलं, आणि दोर काही हलत नव्हता. त्यानं दगडांत बोटं रोवून चढून बघितलं. पुरुषभर गेला, माती सुटली, खाली आपटला. गुडघा फुटला. त्याला रडू कोसळलं, आणि रडता रडता असा संताप आला की या सगळ्यांच्या घागरी एकेक करून फोडाव्यात. म्हातारी केव्हाच पोरीकडे परतली होती.

मग त्याच्या डोक्यात आलं. देवमाणसाला हे वर घेणार नाहीत. चोराला घेतील.

"ऐका रं!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "म्या चोर हाय! म्हैनाभर तुमच्या घागरी दोन दोन बोटं उण्या भरल्यात! दोनी आळ्यांच्या! त्या पाण्यानं हितं रोज आंगूळ करतुया म्या!"

अहाहा, काय दोर हलला! वरले आणि खालले वर्षात पहिल्यांदा एकदिलानं ओढत होते. काठावर येताच नाथाजीनं कानफटात लगावली, कृष्णातनं लाथ घातली, कुणीतरी सदरा टराटरा फाडला. इलाही मार खात खात गर्दीतून निसटला, पोरीला खांद्यावर टाकून धावला आणि हलत्या ट्रकला लोंबकळला.

वडूजच्या दवाखान्यात तीन दिवस सलाईन लावलं. पोर वाचली. चौथ्या दिवशी तो तिला घेऊन परतला आणि आधी विहिरीवरच गेला. आता खाली दोन्ही आळ्यांचा एकेक गडी उतरला होता. एकमेकांवर डोळा ठेवण्याच्या नादात निम्मं पाणी पायाखाली तुडवत होते.

"माज्या लेकीपायी खोटं बोललो," इलाही हात जोडून म्हणाला. "थेंबबी घेतला न्हाई म्या."

"तवा खोटं बोललास का आता बोलतुयास?" नाथाजीनं विचारलं.

"माजी घागर दोन बोटं उणीच यायची," राहीबाई म्हणाली. "मला कवाचा संशव व्हता." महिनाभर भरलेली घागर डोक्यावर घेताना पाणी गळ्यावर सांडायचं तिच्या. पण बाई खोटं बोलत नव्हती. तिला आता खरंच तसं आठवत होतं.

तो घरी आला, पण गावातलं बोलणं त्याच्या आधीच तिथं पोचलं होतं. मदिनाबीनं नातीला मांडीवर घेतलं, तिच्या तोंडावरून, पोटावरून हात फिरवला, रडली. मग म्हातारीनं मान वर केली. दिसत नव्हतं तरी ती नेमकी त्याच्याकडे बघत होती.

"ही पोर ओढ्याचं पानी पीत व्हती," ती म्हणाली, "आन् तू आंगूळ करत व्हतास व्हय रं?"