मेच्या पहिल्या सकाळचा विस्तव

मेच्या पहिल्या सकाळी घरातला विस्तव बाहेर द्यायचा नसतो. दिला, की वर्षाचं लोणी त्याच्या मागोमाग चालू लागतं. हे ठाऊक व्हायला नेसाला काही मास्तर लागला नव्हता. म्हणून शेजारची मोरना धुक्यातून दाराशी आली आणि निखारा मागू लागली, तेव्हा नेसाने लोणी घुसळायच्या बुधल्यातला दांडा थांबवलासुद्धा नाही.

"आज मागतेस? अक्कल चरायला गेलीय का?"

"चूल विझलीय गं. सुनेला पहाटे पोर झालं, ते गार पडत चाललंय. जळण सगळं ओलं."

"मग घेऊन ये त्याला इथे. उंबऱ्याबाहेर काय उभी?"

"कशी येऊ? गेल्या मेमध्ये चारचौघांत तूच म्हणालीस, मी सशाचं रूप घेऊन तुझ्या गाईचं दूध पिते. आत पाय टाकलास तर तंगडं मोडीन म्हणालीस."

म्हणाली होती खरी. लोणी येत नव्हतं, राग कुणावर तरी काढायचा होता. आणि आज टेकडीच्या पोटातली ती मायावी जमात, जिला भीतीने 'भली माणसं' म्हणायचं, शेजाऱ्यांची तोंडं लावून हिंडते. आपणच 'ये' म्हटल्याशिवाय त्यांना आत येता येत नाही. ही मोरनाच कशावरून?

"आई, द्या ना निखारा," नेसाची सून ब्रोना कळवळली.

"तू गप. कोरडी भाकरी खाशील वर्षभर."

पण ते गार पडणारं पोर नेसाच्या डोक्यातून जाईना. शेवटी दांडा तिने ब्रोनाकडे ढकलला.

"चुकलं माझं, मोरना. ससाबिसा काही नव्हतीस तू. आत ये. पोर घेऊन ये."

घशातला काटा निघावा तसे शब्द निघाले. मोरना धुक्यात दिसेनाशी झाली. नेसा दारातून चुलीशी, चुलीपासून दारात. पेटलेला विस्तव उगाच उकरत राहिली. आपण बोलावलं तरी कुणाला?

मोरना आली, छातीशी गाठोडं. "देव तुमच्या कामाला यश देवो," असं म्हणूनच तिने उंबरा ओलांडला. टेकडीतल्यांच्या जिभेवर देवाचं नाव येत नाही. नेसाला जरा हायसं वाटलं. पण गाठोडं हलत नव्हतं. तिने ते हिसकावून घेऊन उलगडलं, निळसर पावलं विस्तवाशी चोळू लागली. लोणी घुसळणाऱ्या घरात पाहुण्याने रिकामं उभं राहायचं नसतं, म्हणून मोरनाने ब्रोनाच्या हातातला दांडा धरला.

"रड रे मेल्या! रड!"

बऱ्याच वेळाने ते रडलं. बारीक, करडासारखं.

"हे माणसाचं वाटत नाही हो, आई. टेकडीतल्यांनी बदललेलं असलं तर?" ब्रोना कुजबुजली.

"आधी तापू दे," नेसा म्हणाली, "कुणाचं ते मग बघू." आणि पोराला तिने विस्तवाच्या आणखी जवळ ओढलं.