तळापर्यंत ठोकलेलं सील

मिस्त्रीला आयुष्यात फारशा गोष्टींची खात्री नव्हती, पण त्या लाल गाडीचं तेल का गळतं याची मात्र होती. भावोजी ती पिदडायचे, म्हणून. नऊ वर्षांपूर्वी ताईच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याने हे सांगून टाकलं होतं आणि विषय तिथेच मिटला होता.

आता ही मंडळी कोण ते आधी सांगायला हवं. मिस्त्री म्हणजे बाजारामागच्या गल्लीतल्या गॅरेजचा मालक. तिथे त्याच्या शब्दापुढे बोलायची कुणाची टाप नाही. पण ताईच्या घरात पाऊल टाकलं की तो नुसता बारक्या. वय अठ्ठावन्न, दाढी पांढरी, पोट पट्ट्याबाहेर आलेलं, तरी बारक्याच. पाच भावंडांतला शेवटचा, त्याला काय इलाज! ताई सगळ्यांत थोरली. आणि भावोजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांचा जन्म नकाशे काढण्यात गेला. पेन्सिल इतकी हलकी धरायचे की कागदाला पत्ता लागू नये.

असा हा सरळमार्गी माणूस निवृत्त झाला आणि आठव्या दिवशी एक जुनी स्पोर्ट्स गाडी घेऊन दारात उभा! लाल, बुटकी, आत दोनच माणसांची जागा. ताईने कपाळावर हात मारला. "अहो, घरात माणसं तीन. तिसऱ्याने काय टपावर बसायचं?" भावोजी म्हणाले, "आळीपाळीने बसू." ताईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच केसांना रुमाल बांधून शेजारी जाऊन बसली. पुढची काही वर्षं दर रविवारी सकाळी ही दोघं घाटापर्यंत जाऊन यायची. तेवढ्या दोन तासांत ताई जितकी हसायची तितकी ती आठवडाभर हसत नसे. हे मिस्त्रीनेही पाहिलेलं होतं.

मग तेल गळायला लागलं. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, जिथून मुख्य दांडा बाहेर येऊन पुली फिरवतो, तिथे एक रबरी कडं असतं. त्याला म्हणायचं ऑइल सील. दांडा फिरत राहावा आणि तेल मात्र आतच राहावं, एवढंच त्याचं काम. कारखान्यातून आलेलं सील वीस वर्षांनी कडक झालं होतं, त्याने हात टेकले यात नवल नव्हतं. मिस्त्रीने पुली काढली, पुढचं झाकण काढलं आणि त्याला हसूच आलं. सील त्याच्या घरात, म्हणजे गोल खाचेत, पुरतं बसवलेलंच नव्हतं. कडेशी बरोबर ठेवून दिलेलं, आत थोडी जागा मोकळी. "बघा," तो भावोजींना म्हणाला, "कारखान्यातसुद्धा शनिवारी दुपारी लोकांना घरी जायची घाई असते."

मिस्त्री शिकला ट्रकांवर. त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, सील तळाला टेकेपर्यंत ठोकायचं. अर्धवट बसवलेलं सील म्हणजे सैल मारलेली गाठ. ट्रकांच्या इंजिनात ते खरंही होतं. तेव्हा मिस्त्रीने नवं सील घेतलं, पाइपचा तुकडा लावला आणि हातोडीने ते तळापर्यंत नेलं. शेवटचा ठोका वेगळा वाजतो. तो वाजला की त्याला बरं वाटायचं.

चार महिन्यांत पुन्हा तेल. पुन्हा सील, पुन्हा तोच ठोका. तिसऱ्या खेपेला तेल आतल्या पट्ट्यावर गेलं, पट्टा घसरला आणि गाडी ऐन वळणावर बंद पडली. शेजारी ताई होती. मागच्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून दोघं वाचली. त्याच संध्याकाळी ताईने भावाला बोलावून विचारलं, "खरं सांग, दोष कशाचा?"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! मिस्त्री म्हणाला, "ताई, सील मी तीनदा बदललं. माझ्या हातचं सील गळत नाही. भावोजी गाडी पिदडतात. हात जड आहे त्यांचा, पायही जड आहे. इंजिन तरी किती सोसणार?"

भावोजी दाराशीच उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि "असेल," एवढंच म्हणाले. ताईने चावी कपाटात ठेवली. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली ती गेलीच.

आता नऊ वर्षांनी ती बाहेर निघाली होती, कारण भाचीने मागितली. ताईची एकुलती एक लेक, स्वतः एका पोराची आई, पण हट्ट लहानपणीचाच. "मामा, रविवारी न्यायला येते. तेल थांबव आणि दे." मिस्त्रीने टाकी रिकामी केली, पट्टे बदलले, आणि गुरुवारी सकाळी पुढचं तोंड उघडलं.

सील निघालं. सीलचं घर पुसायला त्याने फडकं घेतलं आणि हात थांबला. इतकी वर्षं उभं राहून तेल वाळलं होतं आणि आतल्या धातूवर सीलचा डाग तपकिरी शाईने काढावा तसा उमटला होता. डागाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक होतं, भाताच्या शितापेक्षा थोडंसं मोठं. डाग त्याच्यावरून आडवा गेला होता. म्हणजे सीलने ते भोक बुजवलं होतं.

मिस्त्रीने पिचकारीत तेल भरून भोकात सोडलं. तेल खाली तेलाच्या चेंबरमध्ये गेलं, थेंबाचाही आवाज आला. त्याने नवं सील अंगठ्याने कडेशी बरोबर ठेवलं. भोक मोकळं. आणखी आत ढकललं. भोक बंद. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पाच-सहा वेळा तरी त्याने हे केलं, जणू एखाद्या वेळी उत्तर बदलेल.

ते बदलणार नव्हतं. दांड्यालगत झिरपणारं तेल परत खाली जावं म्हणून ती वाट ठेवली होती. ती बुजली की तेल सीलच्या मागे साठणार, दाबणार, आणि कितीही नवं सील असलं तरी दांड्याला टेकलेल्या त्याच्या रबरी ओठाखालून बाहेर येणार. कारखान्यातल्या माणसाला घाई नव्हती. त्याने सील जिथे हवं तिथेच ठेवलं होतं. ज्याला मिस्त्री हसला होता तोच शहाणा होता, आणि तीन वेळा ठोका वाजवून खूश होणारा हा वेडा. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण कुणाचं, तर भावोजींचं!

दुपारी तो घरी जेवायला गेला, पण अर्धी भाकरी ताटातच राहिली. बायकोने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती बाई व्यवहारी. म्हणाली, "आता नीट बसवताय ना? मग झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. भावोजी काय आता गाडी चालवणार आहेत? ते विसरलेसुद्धा असतील. उगाच ताईंच्या डोक्याला ताप."

मिस्त्रीला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घ्यावंसं वाटत होतं, म्हणून पटलं. चाळीस वर्षांचं नाव होतं त्याचं. लोक लांबून गाड्या आणायचे ते त्या नावावर. त्याने सीलच्या ओठाला तेल लावलं, ते कडेशी बरोबर बसवलं, आणि शेवटचा ठोका वाजण्याआधीच हातोडी खाली ठेवली. हाताला ते फार चुकल्यासारखं वाटलं. शनिवारी त्याने इंजिन तासभर चालू ठेवलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. कागद कोरडा ठणठणीत राहिला.

रविवारी सकाळी तिघंही आली. भाचीने गुडघ्यावर बसून कागद पाहिला आणि ती ओरडलीच, "मामा, मानलं तुला! एक थेंब नाही!"

"अगं, त्याचा हातच तसा आहे," ताई कौतुकाने म्हणाली. "आता तू सांभाळून चालव म्हणजे झालं. तुझ्या बाबांसारखं करू नकोस."

भाचीने चावी वडिलांपुढे धरली. "बाबा, पहिल्यांदा तुम्ही सुरू करा."

भावोजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको गं बाई. माझा हात जड. परत काहीतरी व्हायचं." हे ते हसत म्हणाले. घरात रोजचा झालेला विनोद सांगावा तसे.

ताईही हसली. "खरंच रे बारक्या, यांनी धसकाच घेतलाय. हिला बाळ झालं तर त्याला हातात घेईनात. म्हणे, माझ्या हातून काही झालं तर? महिनाभर नुसते लांबून बघत होते."

मिस्त्रीला वाटलं होतं, माणूस एक गाडी चालवायचा थांबला. त्यापलीकडे काही झालं असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. समोर चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा हात पाठीमागे लपवून उभा होता, आणि ते हात मिस्त्रीने आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या हातांत हलके होते.

"भावोजी," तो म्हणाला, "जड हात तुमचा नव्हता. माझा होता."

कुणाला काही कळेना. मिस्त्रीने खडू घेतला आणि जमिनीवरच वेडंवाकडं काढून दाखवलं. हा दांडा, हे सीलचं घर, हे भोक. चित्र इतकं वाईट होतं की भावोजींनी न राहवून खडू घेतला आणि दोन रेघा सरळ केल्या. तेवढ्यात त्यांना सगळं समजलं.

"म्हणजे तेलाला परतीची वाट नव्हती."

"होती. मी बुजवली. तीनदा."

"आणि कारखान्याचं सील?"

"ते बरोबर होतं. मी त्याला हसलो होतो. तुम्ही गाडी कधीच पिदडली नाहीत, भावोजी. मी न बघता बोललो. आणि गुरुवारी हे कळल्यावरसुद्धा गप्प बसणार होतो."

"अरे मेल्या!" ताई ओरडली. ती नवऱ्याकडे वळली. "अहो, मग तुम्ही का नाही बोललात? एकदा तरी म्हणायचं होतं, मी नाही पिदडत म्हणून!"

भावोजी जमिनीवरच्या रेघांकडे बघत होते. "गाड्यांतलं याला कळतं. मला काय कळतं? इतक्या खात्रीने बोलला, मला वाटलं, असेल आपलाच हात जड. एकदा वाटलं की मग सगळीकडे तेच दिसतं." त्यांनी खडू खाली ठेवला. "दे ती चावी."

बुटक्या गाडीत बसायला त्यांना दोन्हीकडून धरावं लागलं. चावी फिरवली, इंजिन लगेच बोललं. भावोजींचा चेहरा असा उजळला की भाचीने टाळ्याच वाजवल्या. मग त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवून दाबला. क्लच अर्ध्यावर गेला आणि पाय परत आला. पुन्हा दाबला. गुडघा थरथरायला लागला. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर जोर दिला, कपाळावर घाम आला, पण क्लच खाली जाईना. त्यांनी इंजिन बंद केलं.

"तीन वर्षांपूर्वी जमलं असतं," ते म्हणाले. "पाय चांगले होते तेव्हा."

मिस्त्री खिडकीशी वाकला. हात जोडले. "भावोजी, माफ करा मला."

"करीन," भावोजी म्हणाले. "आज नाही. आज मला राग आलाय, बारक्या. फार राग आलाय. तो येऊ दे मला."

इतक्या वर्षांत या माणसाचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि आत्ताही तो चढला नव्हता. भाचीने त्यांना उतरवून पलीकडच्या सीटवर बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि गाडी गल्लीबाहेर गेली. दोनच माणसांची गाडी. मागे बहीण-भाऊ उरले.

मिस्त्री म्हणाला, "ताई, शिव्या दे मला."

"तुला काय देऊ?" ताई म्हणाली. "चावी मीच कपाटात ठेवली होती. तू सांगितलंस ते मी ऐकलं, आणि ते सांगायला तुला बोलावलंही मीच. जन्मभर शेजारी बसले त्यांच्या. पिदडत नाहीत हे मला माहीत नव्हतं होय?"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. तो म्हणाला, "चल, तुला घरी सोडतो. त्यांना वेळ लागेल."

"नको," ताई म्हणाली. "ते येईपर्यंत मी इथेच बसते." तिने गॅरेजमधली खुर्ची ओढून बाहेर आणली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.