आतलं अक्षर

बापूंनी शब्द दिला होता, आणि तोही सकाळच्या चहाला, चांगला घसा खाकरून. "दिग्विजयच्या गाडीत तुझं काम टिकलं, वसू, तर बोर्डावर तुझं नाव चढेल. पण काही वाकडं झालं तर जबाबदारी तुझी. निहारची नाही."

वसुंधरानं मान डोलावली. एकवीस वर्षं ती गोरवा भागातल्या बापूंच्या गॅरेजच्या शेडमध्ये हात काळे करत होती, आणि बोर्डावर काय, तर 'बापू अँड सन'! सन म्हणजे तिचा धाकटा भाऊ निहार. गिऱ्हाइकाशी बोलायला साखर, पाना धरायला नाखूश. गोड बोलणं हीसुद्धा कला आहे म्हणा, पण त्यानं बोल्ट आवळले जात नाहीत.

दिग्विजय हे शेडचं बडं गिऱ्हाईक, आणि त्याची गाडी म्हणजे परदेशातून आणलेली जुनी, आठ सिलिंडरची व्ही-एट. इंजिनाची ताकद त्यानं दुप्पट करून घेतली होती, हौस चौपट. आता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये घंटेच्या आकाराचं एक कवच असतं, बेल हाउसिंग. त्याच्या पोटात क्लच गरगरत असतो आणि बाहेर वीतभरावर चालवणाऱ्याचे पाय असतात. मूळचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं होतं. एवढ्या वेगात क्लच फुटला, तर ते अंड्याच्या टरफलासारखं फुटणार आणि तुकडे थेट पायात घुसणार.

"पोलादीच हवं," वसुंधरा म्हणाली.

"ताई, वजन किती वाढेल! दिग्विजयभाईला गाडी हलकी हवीय."

"भाईला पाय हवेत की नकोत, ते आधी विचार."

दिग्विजय तिथंच उभा होता. तो हसला आणि गुजरातीत होकार देत म्हणाला, "सारू, वसुबेन म्हणतात तसं."

पोलादी कवचाचे दोन नमुने आले. एक स्वस्तातलं, तुकडे जोडून वेल्डिंग केलेलं, वरून रंग असा की नवरदेवच. निहारला तेच आवडलं. वसुंधरानं बॅटरी लावून सांधे पाहिले आणि ते बाजूला सारलं. दुसरं एकाच जाड पत्र्यातून दाबून काढलेलं होतं, आत क्लच फुटला तरी टिकण्याची चाचणी पास केल्याचा बिल्ला लावलेला. रंग साधा काळा. तिनं ते घेतलं.

आणलं आणि ठोकलं, इतकं सोपं असतं तर निहारनंच नसतं का बसवलं! इंजिनावर टेकणाऱ्या कडेचा रंग तिनं आधी खरवडून काढला, कारण रंगाचा थरसुद्धा माप बिघडवतो. मग डायल गेज, म्हणजे काट्याचं मापयंत्र, इंजिनाच्या फ्लायव्हीलवर बांधला आणि इंजिन हातानं सावकाश फिरवलं. कवचाच्या मधल्या भोकाच्या कडेनं काटा फिरला आणि चौदा थाऊचा फरक दाखवून गेला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एवढ्यानं काय होतं, असं निहार म्हणाला. एवढ्यानं गिअरबॉक्सचा दांडा तिरका फिरतो आणि बेअरिंग खातो, हे होतं.

"काटा जेवढं दाखवतो, त्याच्या निम्मं खरं अंतर असतं," तिनं त्याला बजावलं. "म्हणून पिना सातच्या. लक्षात ठेव."

"हो गं," तो फोनवर बोटं फिरवत म्हणाला.

कवच इंजिनावर नेमक्या जागी धरणाऱ्या, मध्य जरा सरकवलेल्या सात थाऊच्या पिना तिनं घातल्या, वळवल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. तीन दिवस हाच उद्योग. शेवटी काटा जेमतेम तीनपर्यंत हलला, तेव्हा ती जमिनीवरच बसली.

मग शेडचा रिवाज. रिफायनरीच्या मशीन शॉपमध्ये बापू शिकले होते, की काम ज्यानं केलं त्यानं आपलं अक्षर आतल्या बाजूला ठोकायचं. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण पुढं उघडणाऱ्याला कळतं, कुणाला धरायचं. मराठी अक्षरांचे पंच बापूंनी स्वतः घासून केलेले. वसुंधरा डिप्लोमा झाली, त्या आठवड्यात त्यांनी तिच्यासाठी 'व' केला होता. तो तिनं कवचाच्या जाड कडेवर आतून ठोकला, नीट, सरळ.

दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणी भागात, मावशीकडे वास्तुशांत होती. "जा तू," बापू म्हणाले, "गिअरबॉक्स चढवायचं आम्ही बघतो."

ती गेली. केवढी भोळी!

पंधरा दिवसांनी शर्यतीसाठी भाड्यानं घेतलेल्या विमानांच्या धावपट्टीवर गाडी तिसऱ्यांदा सुटली आणि क्लच फुटला. आवाज साऱ्या धावपट्टीवर घुमला. वसुंधरा धावत सुटली. गाडी घसरत थांबली, दार उघडलं आणि दिग्विजय बाहेर आला. दोन्ही पायांवर. कवच फुगलं होतं, फाटलं नव्हतं.

त्यानं येऊन कडकडून मिठी मारली, ती निहारला. "तुमने मेरे पाँव बचाए, भाई!" निहार म्हणाला, "आपलं कामच ते." अरे, लाज तरी वाटायची!

वसुंधरा मनात म्हणाली, कवच उघडू दे. आत 'व' आहे.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिनंच गिअरबॉक्स उतरवला आणि कवच पालथं केलं. कडेवर 'नि' होता. जिथं तिचा 'व' होता, तिथला पत्रा घासून सपाट केलेला. तिला आधी निहारचाच संताप आला. मग तिनं ओरखडे पाहिले. ते उलटे तिरपे होते. निहार उजवा. शेडमध्ये डावखुरं एकच माणूस होतं.

"बापू, ही कानस तुमची आहे."

बापूंनी नाकारलं नाही, एवढं खरं. "काम तुझंच गं. मला का ठाऊक नाही? पण शेड निहारला चालवायचीय. बाईच्या हातचं म्हटलं, की गिऱ्हाईक बिचकतं. नाव घराचं राहिलं म्हणजे झालं."

"आणि पाय गेले असते तर? तर वसूनं बसवलं होतं, असं साऱ्या गोरव्याला सांगितलं असतंत ना? तेही उघड, तोंडानं."



तिनं स्वतःचा डायल गेज उचलला, 'व'चा पंच खिशात टाकला आणि ती तीन गल्ल्या पलीकडे दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागली. जुन्या शेडचा बोर्ड नव्यानं रंगवला गेला. अक्षरं तीच.

महिन्यानं निहारचा फोन आला. दिग्विजयसाठी नवं पोलादी कवच आलं होतं.

"ताई, काटा बारा दाखवतोय. बाराच्याच पिना घालू ना?"

हो म्हण, तिचं मन म्हणालं. एक अक्षर तर बोलायचं! मग बेअरिंग खाऊ दे, दांडा खाऊ दे, भर धावपट्टीवर सगळ्यांसमोर यांचं नाव बुडू दे. पण त्या कवचाशेजारी वीतभरावर कुणाचे पाय असतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"सहा," ती म्हणाली. "निम्मं. शंभरदा सांगितलंय."

"हां हां, निम्मं! थँक यू, ताई."

फोन बंद करायला तो विसरला. पिना आत बसवल्याचे बारीक आवाज आले, बऱ्याच वेळानं 'काटा आला की जाग्यावर!' असं तो ओरडला. वसुंधरानंही फोन ठेवला नाही. मग मागून बापूंचा आवाज आला, "झालं ना? ठोक आता तुझं अक्षर."

आणि हातोडीचा ठोका तिला स्वच्छ ऐकू आला.